तिरकी रेघ

शिवडीला, गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड
सुफियाननं नळी जोडली दुर्बिणीला.
नळी दारूखान्याची, कुठल्याशा मोडलेल्या जहाजाच्या पोटातली.
फट म्हणजे दाढीच्या ब्लेडची दोन पाती
केसाहून कमी अंतरावर समोरासमोर,
अबोला धरलेल्या जावांसारखी.

"टीचर, तुम्ही वाचा," म्हणतो.
टीचर मी कधीच नव्हते.
एकतीस वर्षं माझगावला धातू तपासले.
ठिणगी पाडायची, उजेड फोडायचा
आणि रेघा बघून सांगायचं
या पितळेत शिसं किती,
या साखळीत मँगनीज आहे की नुसती थाप.
परेरा म्हणायचा, बेलोसेबाईंशी नवरा खोटं बोलला
तर आधी त्याची रेघ दिसेल.
नाही दिसली.
ते असो.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय दिवाळीआधी.
पट्टी सुटली आणि नर्सचा झगा
इतका निळा, की मी दचकलेच.
उजवा अजून तसाच, चहाच्या जुन्या गाळणीसारखा.
एक झाकला की शिवडी पिवळी,
दुसरा झाकला की खाडीसुद्धा नवीन.

आई दर शनिवारी तेल वाहायची ज्याला
त्याला आम्ही फटीत आडवा घेतला:
कडं, गोळा, कडं.
बारा मिनिटं कॅमेरा उघडा.
खाली कुणी स्कूटरला लाथा मारत होतं
आणि सुफियान शिव्या घालत होता
गोदीच्या कुंपणावरच्या पिवळ्या दिव्यांना.
जुने दिवे, एकाच रंगाचे,
ज्यांच्याखाली माझी लाल साडी मातकट होते.
"सगळ्या पट्टीभर घुसलेत, टीचर. पुसू?"

थांब म्हटलं.
दिव्यातही सोडियम, उन्हातही सोडियम.
शनीवरून परतलेल्या उन्हात त्याची रेघ काळी,
आपल्या दिव्यात तीच लखलखीत.
दिवा कुठे जात नाही, येत नाही.
गवंड्याचा ओळंबा आहे तो.
राहू दे.

मग रात्री दोनला, त्याच्या लॅपटॉपवर,
डावा डोळा उघडा ठेवून
मी दिव्याच्या सरळ रेघेशेजारी काळी रेघ लावली.
गोळ्यावर ती कलली होती.
एक कड आपल्याकडे येतेय, निळ्याकडे चळलेली,
दुसरी पाठ फिरवून चाललीय.
एवढं मला ठाऊक होतं.
पण कड्यावर
रेघ उलटी कलली.

मी चष्मा पुसला. पुन्हा बघितली. उलटीच.

जातं फिरतं तेव्हा कडेचा दाणा जास्त पळतो,
खुंट्याजवळचा रेंगाळतो.
इथे आतलं धावतंय, बाहेरचं सावकाश.
म्हणजे जातं नाही. एक तुकडा नाही.
खडे आहेत, बर्फाचे, बेसुमार,
जो तो आपल्या वाटेनं, आपल्या चालीनं,
आणि इतक्या लांबून आपण त्याला म्हणतो कडं.

हे जुनंच आहे म्हणा.
शंभराहून जास्त वर्षं झाली कुणी तरी पहिल्यांदा बघून.
पुस्तकात आहे, सुफियाननं वाचलंय.
तरी तो टाकीला टेकून बसला होता
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
मीही नाही.
गोदीत क्रेनचा एक भोंगा झाला.

आमचा आकडा सेकंदाला दोन किलोमीटरनं चुकला.
फट थोडी वाकडी असणार.
गुरुवारी परत, असं ठरलं.

बुधवारी पालिकेची शिडीची गाडी आली,
आणि कुंपणावर पांढरे दिवे लागले.
सुफियान खूश होता, आकाश स्वच्छ झालं म्हणाला,
मग चेहरा पडला त्याचा:
"ओळंबा गेला, टीचर."

म्हणून आज मी स्टोव्ह वर आणलाय,
जिना चढताना तीनदा थांबून.
आणि पदराच्या गाठीत खडेमीठ.
चिमूट ज्योतीत टाकली की
टाकीची भिंत, त्याची दाढी, माझे हात,
सगळं त्या जुन्या रंगाचं.
"धरून ठेवा," तो म्हणतो, "हलवू नका."
हात हलतोय, पण चालेल.
ज्योत हलली तरी रेघ हलत नाही.